रिकाम्या गाडीचं वजन

दार लोटून घे. कडी नको लावूस, नुसतं लोट. आणि ते मोबाईल खिशात घाला. पुस्तकातलं सांगत नाहीये मी. ज्याच्या बाबतीत हे घडलं, तो दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासमोर स्टुलावर बसला होता. त्यानं जे सांगितलं तेच सांगतो, पदरचं काही घालत नाही.

तारीखही सांगतो, म्हणजे नंतर वाद नको. नोव्हेंबरची चौदा, मंगळवार. मी तेव्हा दवाखान्यात कंपाउंडर होतो. संध्याकाळी साडेसातला शटर ओढायच्या बेतात असताना काटेवाला खोकत खोकत आला. खोकल्याचं औषध हवं होतं, बाकी काही नाही. गावाबाहेरच्या रस्त्यावर ट्रक-टेम्पो तोलायचा मोठा वजनकाटा आहे ना, तिथे रात्रपाळीला असायचा तो, म्हणून काटेवाला. मी बाटली दिली. म्हटलं, "दोन चमचे घे, आणि रात्री खिडकी बंद ठेव." तो म्हणाला, "खिडकी बंद ठेवली तर ड्रायव्हर पावती काय कपाळावरून घेणार?" हसला, आणि सायकलवर टांग मारून गेला.

आता मधेच थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल.

काटेवाल्याला एकच बहीण. धाकटी. आईबाप लवकर गेले, यानंच तिला वाढवलं. अकरा वर्षांचं अंतर होतं दोघांत. पोर हसरी होती. जेवणाचा डबा द्यायला काट्यावर गेली की मुद्दाम त्या लोखंडी फलाटावर मधोमध उभी राहायची आणि ओरडायची, "दादा, बघ, किती भरले?" तो खिडकीतून आकडा सांगायचा, "पंचावन्न. डबा धरून!" ती म्हणायची, "डब्याचे वजा कर की!" पण तो काटा गाड्यांसाठीचा, पाच पाच किलोंनीच सरकणारा. डबा धरा, नाहीतर ठेवा, पंचावन्नच.

तिचं लग्न त्यानं भट्टीवाल्याशी लावून दिलं. ओढ्यापलीकडे त्याची विटांची भट्टी होती, स्वतःचा टेम्पो होता. बोलायला गोड. सासऱ्याच्या ठिकाणी काटेवालाच, म्हणून याच्यासमोर मान खाली. घरात मात्र हात सुटलेला. सगळ्यांना ठाऊक होतं. मला तर जास्तच, कारण मलमपट्टीला ती माझ्याकडेच यायची, आणि दर वेळी पाय घसरलेला असायचा तिचा.

ऑक्टोबरच्या पाच तारखेला, गुरुवारी, रात्री साडेनऊला ती अनवाणी धावत काट्यावर आली. ओठ फाटलेला. म्हणाली, "दादा, आज मला परत पाठवू नकोस. आजच्या दिवस नको."

त्यानं तिला पाणी दिलं. खुर्ची दिली. मग केबिनबाहेर जाऊन फोन लावला. कुणाला? भट्टीवाल्याला. "पाहुणे, तुमचं माणूस इथं आलंय. घेऊन जा, उगाच चार लोकांत चर्चा नको."

दहा मिनिटांत टेम्पो आला. ती खुर्चीवरून उठेना. यानंच तिला समजावलं, यानंच टेम्पोचं दार उघडलं आणि तिला आत बसवलं. वर म्हणाला, "घरी जा. संसारात असं व्हायचंच." ती नुसती बघत राहिली त्याच्याकडे. टेम्पो वळेपर्यंत.

दोन दिवसांनी भट्टीवाल्यानं बोंब उठवली, बायको गावातल्या एका गवंड्याबरोबर पळाली. गवंडी खरंच काम सोडून कुठेतरी गेला होता, त्यामुळे गावाला आयतं कोलीत मिळालं. फौजदारांनी काटेवाल्याला विचारलं, "बहिणीला शेवटची कधी पाहिली?" तो म्हणाला, "महिना झाला असेल."

का म्हणाला असं? अब्रू, दुसरं काय. बहीण मार खाऊन दारात आली आणि आपण तिला हाकलली, हे कुणाच्या तोंडानं सांगवतं? आणि माणूस स्वतःला फसवण्यात पटाईत असतो. जाईना का पळून, असेल कुठेतरी सुखात, असं म्हणत त्यानं चाळीस दिवस काढले. त्याच आठवड्यात भट्टीवाल्यानं भट्टी विझवली. कामगार घालवले. कोळसा मिळत नाही म्हणाला, आणि टेम्पो भाड्यानं फिरवायला लागला. तेही कुणाला खटकलं नाही.

हं. तर चौदा नोव्हेंबर.

रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी भट्टीवाल्याचा टेम्पो काट्यावर चढला. गोदामातून मका भरायचा होता. आधी रिकामी गाडी तोलायची, मग भरलेली, ही रीत. रिकामी गाडी तोलताना ड्रायव्हरनं खाली उतरायचं असतं. भट्टीवाला उतरला, खिडकीपाशी आला.

"काय दादा, खोकला बरा आहे का?"

"आहे आपला." काटेवाल्यानं आकडा बघितला. दोन हजार सहाशे पासष्ट. त्या टेम्पोचं वजन त्याला तोंडपाठ होतं. दोन हजार सहाशे दहा. वर्षानुवर्षं तेच.

"पाहुणे, गाडीत काय ठेवलंय?"

"काही नाही. का?"

"पंचावन्न जास्त दाखवतंय."

भट्टीवाला हसला. "काटा म्हातारा झालाय तुमच्यासारखा."

काटेवाला बॅटरी घेऊन बाहेर आला. मागचा हौदा बघितला. ताडपत्री, जॅक, जास्तीचं चाक, नेहमीचंच सामान. टेम्पोच्या केबिनमध्ये उजेड टाकला. ड्रायव्हरची सीट रिकामी. डावीकडची सीट...

रिकामीच. पण रेक्झिन मधोमध दबलेलं. एखादं माणूस बसल्यावर दबतं, तसं. आणि तो बघत होता तोवर ते वर आलं नाही.

पंचावन्न. आता त्याच्या डोक्यात उजेड पडला. 

तो काट्याच्या केबिनमध्ये परत आला. का कोण जाणे, आतून कडी लावली. खिडकीतून म्हणाला, "गाडी पुढे घ्या. परत चढवू. रिकामा काटा शून्यावर येऊ दे."

भट्टीवाल्यानं टेम्पो पुढे नेला. चारी चाकं फलाटावरून उतरली. वरच्या बल्बचा उजेड रिकाम्या लोखंडावर पडलेला. धूळ. एक वाळकं पान. बाकी काही नाही.

काट्यावर शून्य यायला हवं होतं.

पंचावन्न.

बाहेर ड्रायव्हरांसाठी मोठे लाल आकडे असतात. टेम्पोतून उतरून मागे आलेल्या भट्टीवाल्यानंही ते पाहिले. तो जागच्या जागी थांबला.

 पलीकडच्या पेंडीच्या कारखान्याचा पंखा घरघरत होता. तो बंद पडला.

मग आकडा हलला. शून्य... पंचावन्न... शून्य. पाऊल उचलल्यासारखा. ठेवल्यासारखा.

"दादा," भट्टीवाला म्हणाला. आवाज पार बसलेला. "ती मागे येते हो. भट्टीपासून मागे येते. आठवडा झाला. मी झोपलो की पायथ्याशी बसते."

"कोण?"

भट्टीवाला धावत खिडकीपाशी आला.

"कोण, पाहुणे?"

भट्टीवाला खिडकीच्या गजांना धरून खाली बसत चालला होता. "मला मारायचं नव्हतं तिला. ती ओरडत होती, दादाला सगळं सांगेन म्हणून. मी म्हटलं, अगं बये, दादानंच तर फोन करून मला बोलावलं. तुला कळलं नाही?" तो थांबला. "मग ती गप्प झाली दादा. एकदम गप्प. हातसुद्धा वर केला नाही तिनं. मग... सोपं गेलं."

काटेवाला ऐकत होता.

"भट्टी पेटलेलीच होती," भट्टीवाला म्हणाला.

आत्ता माझ्याकडे असं बघू नका. मी सांगतोय ते त्यानं मला सांगितलंय. एकही शब्द न खाता.

आकडे शून्यावर स्थिर झाले. म्हणजे फलाटावर आता कुणी नव्हतं. पण उतरून गेलं कुठे? ते दोघांनाही दिसत नव्हतं, तेच तर होतं सगळं.

आणि टेम्पोचं डावीकडचं दार उघडलं. सावकाश. तसंच उघडं राहिलं. कुणीतरी ताटकळत थांबल्यासारखं.

भट्टीवाला काट्याच्या केबिनच्या दारावर येऊन आदळला. "दादा, मला आत घ्या! दादा! पाया पडतो. आजच्या दिवस. आजच्या दिवस आत घ्या!"

काटेवाल्याचा हात कडीवर गेला. कडी अर्धी सरकवली त्यानं. हे त्यानं मला दोनदा सांगितलं, अर्धी सरकवली होती म्हणून.

मग त्यानं ती परत बसवली.

दाराला तोंड लावून म्हणाला, "घरी जा. संसारात असं व्हायचंच."

बाहेर रडणं थांबलं. भट्टीवाला वळला. त्याला कुणी ओढलं नाही, ढकललं नाही. ओळखीच्या माणसानं हाक मारल्यावर जावं, तसा चालत गेला. ड्रायव्हरच्या जागी बसला. टेम्पोतला छोटा दिवा चालू होता, त्यात काटेवाल्याला दिसलं... भट्टीवाला डाव्या सीटकडे वळून बोलत होता. हात जोडत होता. समजूत काढत होता. मधेच मान हलवायचा, समोरच्यानं काही विचारल्यासारखी.

डावं दार लागलं.

टेम्पो गोदामाकडे गेला नाही. ओढ्याकडे वळला. सावकाश, पहिल्या गिअरमध्ये. अकरा सत्तेचाळीस.

काटेवाला कडीला पाठ लावून जमिनीवर बसला. त्यानं फौजदारांना फोन केला नाही. मलाही नाही. कुणालाच नाही. मी विचारलं, का रे? म्हणाला, "मला ते व्हायला हवं होतं." त्या रात्री तिथंच बसल्या बसल्या त्यानं डोळे मिटले. उघडले ते पाच वाजता, कारखान्याच्या भोंग्यानं.

सकाळी भट्टीवाला सापडला. भट्टीच्या जाळ घालायच्या भोकात, कमरेपर्यंत आत. बाहेर राहिलेले पाय धड होते, पायात चपला होत्या. आतलं अंग मात्र... जाऊ दे. डॉक्टरांबरोबर मी गेलो होतो, मी पाहिलंय. तुम्ही जेवून आलायत.

गंमत ही, की भट्टी महिन्याहून जास्त विझलेली. मी भिंतीला हात लावून बघितलं, दगडासारखी गार. भोकाच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं जसंच्या तसं. भोकाभोवती राखेचा कण नाही, धुराचा वास नाही. आणि माणूस जळालेला.

फौजदारांचा संशय गेला तो सरळ काटेवाल्यावर. बहिणीचा भाऊ, रात्री शेवटचं यानंच पाहिलेलं. याला सूड घ्यायला कारण होतं, आणि आता यानं सगळं कबूलही केलं होतं, फोन केल्यापासून खोटं बोलल्यापर्यंत. त्याच्या सांगण्यावरून भट्टी खणली. धाकटी सापडली. ओंजळभर. फौजदारांनी ते कापडात बांधलं तेव्हा काटेवाला बाजूला उभा होता, उजवा हात शालीखाली घेऊन. डोळ्यांत टिपूस नाही. मला ते बघून त्याची भीती वाटली, खोटं कशाला बोलू.

पण त्याला पकडणार कसं? कारखान्याच्या फाटकावर कॅमेरा होता आणि काट्याची केबिन त्यात पूर्ण दिसायची. फौजदारांनी अख्खी रात्र बघितली, मिनिट न मिनिट. टेम्पो जाताना दिसतो. दार बंद. खिडकीला गज. सकाळी पाचपर्यंत केबिनमधून कुणी बाहेर आलं नाही, कुणी आत गेलं नाही. काटेवाला सुटला.

आता शेवटचं. हे फौजदारांना ठाऊक नाही. मी सांगितलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

भट्टीवर बोलावणं यायच्या आधी, त्याच सकाळी साडेसातला काटेवाला माझ्याकडे आला होता. दवाखान्यात दुसरं कुणी नव्हतं. उजवा हात टॉवेलात गुंडाळलेला. म्हणाला, "मलम लाव. कसं झालं ते विचारू नकोस, मला माहीत नाही. उठलो तेव्हा होतंच."

मी टॉवेल सोडला.

तळहात भाजलेला. ताजा. मी हजार भाजलेले हात बघितलेत, वाफेचे, तेलाचे, विस्तवाचे. असा नाही बघितला. भाजलेल्याची कड रेखल्यासारखी सरळ होती. तळव्यावर एक दुसरा तळवा. लहान. मी त्याचा हात उलटा केला...

हाताच्या पाठीवर चार बोटं. घट्ट आवळलेली.