सोडतोय... घेतली

गुरुवारी चिखलीतल्या वर्कशॉपांना सुट्टी. एरवी शेजारच्या ग्राइंडरच्या किरकिरीत स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, पण गुरुवारी तापलेला पत्रा तडतडतो तेही ऐकू येतं. अशाच एका दुपारी बुद्धरत्न आणि त्याची पुतणी मैत्री शेडमध्ये खेळण्यातली आगगाडी डिजिटल करत बसले होते. खेळण्यातली असं आपलं आपण म्हणायचं. बुद्धरत्नासमोर तो शब्द काढायची सोय नव्हती.

ती गाडी त्याने आणि धाकट्या भूषणने, म्हणजे मैत्रीच्या वडिलांनी, मिळून उभी केली होती. शेडभर टेबल, त्यावर रूळ, बोगदा, दोन स्टेशनं. जुन्या पद्धतीत करंट रुळांतून जायचा. टेबलाचे दोन भाग आणि दोघांचे दोन रेग्युलेटर. गाडी हद्दीवर आली की बुद्धरत्न म्हणायचा, "सोडतोय." पलीकडून भूषण म्हणायचा, "घेतली," आणि बटण दाबायचा. पलीकडे कुणी नसलं, तर गाडी सांध्यावरच मरून पडायची. भूषण गेल्याला वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून गाडी अर्ध्याच टेबलावर जायची आणि उलटी परत यायची. बघवत नसे.

मैत्रीने शेवटची वायर कसली. "आता प्रत्येक इंजिनात चिप आहे, काका. ज्याचा नंबर लावाल तेच ऐकणार. रिमोट एकच. दुसऱ्या माणसाची गरजच नाही."

"बरंय," बुद्धरत्न म्हणाला. खरं तर त्याला ते मुळीच बरं वाटलं नाही.

जुने रेग्युलेटर पिशवीत भरून, पिशवी स्कूटीला लटकवून मैत्री घरी गेली. त्याने भूषणच्या लाडक्या हिरव्या इंजिनाचा नंबर लावला. गाडी निघाली, हद्दीजवळ आली आणि सवयीने त्याच्या तोंडून गेलं, "सोडतोय."

गाडी सांध्यावर थांबली.

त्याने रिमोटला हातही लावला नव्हता. मग बोगद्यामागे, जिथे भूषण बसायचा तिथे, टक्... असं बटण वाजलं. गाडी चालू लागली. रिमोटवरचा नंबर लुकलुकत होता. त्याने मैत्रीला फोन लावला.

"लुकलुकतोय म्हणजे इंजिन दुसऱ्या रिमोटने घेतलंय, काका. पण दुसरा रिमोट आपण आणलाच कुठाय?"

त्याने फोन ठेवला. खरं तर घाबरायला हवं होतं. पण वर्षभर एकटाच जेवायला बसणारा माणूस तो, त्याचे डोळेच भरून आले.

"भूषण... तूच ना रे?"

गाडीचा वेग वाढत गेला. वळणावर मागचा डबा घसरून फरफटू लागला, तरी इंजिन थांबेना. बुद्धरत्न एक पाऊल मागे सरला. भूषण गाडी अशी चालवायचा, जणू डब्यात कुणाचं तान्हं बाळ निजलंय. डबा घसरला तर तो ताटावरून उठायचा.

"कोण... कोण आहे तिकडं?"

इंजिन आडव्या डब्यासकट हद्दीवर येऊन थांबलं. समोरचा दिवा त्याच्या तोंडावर पडला. त्याने घाईघाईने प्लग ओढला. दिवा विझला नाही.

तेवढ्यात टेबलाखाली काहीतरी सरकलं. पलीकडून इकडे यायची वाट तीच, वाकून यायची. टेबलाला लावलेला पडदा आतून हलला आणि वर्षभरात पहिल्यांदाच बुद्धरत्नाला आपण एकटं असावं असं वाटलं.