अर्धा ग्लास संत्र्याचा रस

सकाळी सातला सफाईवालीनं खोली उघडली आणि तिची किंकाळी रिसॉर्टभर गेली. बदामाच्या आकाराच्या गुलाबी सोफ्यावर सूत्रसंचालक पडला होता. जबडा निखळलेला, दात गालिच्यावर, आणि डोक्यातलं बरंचसं भिंतीवर.

सडेफटिंग मुलामुलींना एका रिसॉर्टात कोंडून त्यांचं जमवून द्यायचा टीव्हीवरचा हा कार्यक्रम सहा भागांतच आटोपला होता. कालच वाहिनीनं गाशा गुंडाळायला सांगितलं. लग्न एकही जमलं नाही. मुडदा मात्र पडला.

फौजदारबाई पोचल्या तेव्हा हवालदारानं आरोपी तयारच ठेवला होता. स्पर्धकांतला पैलवान. काल दुपारी सगळ्या कॅमेऱ्यांसमोर त्यानं सूत्रसंचालकाचं नाक फोडलं होतं, वर दोन खुर्च्याही मोडल्या होत्या. डाव्या मनगटात हातकडी, तिचं दुसरं टोक खिडकीच्या गजाला.

"बाई, मी नाही हो मारलं," तो रडत होता. "आईनं काल रात्री टीव्हीवर नाक फोडताना बघितलंय मला. तिला वाटेल मीच."

"आई राहू दे, कोर्टालाही तेच वाटेल," हवालदार म्हणाला. "लाखभर साक्षीदार आहेत तुझे."

"लाखभर कुठले," दिग्दर्शक खिन्नपणे म्हणाला. "तेवढे असते तर बंद कशाला पडलो असतो?"

बाई खोलीभर फिरल्या. काचेच्या टेबलावर रक्ताचं थारोळं. सोफ्याच्या तिन्ही उशा मात्र छान फुगवून उभ्या केलेल्या. विजेत्या जोडीला द्यायचा पितळी बदाम रक्तानं माखलेला, आणि तरी टेबलावरच्या चिकटपट्टीच्या फुलीवर नेमका उभा. शेजारी संत्र्याच्या रसाचा अर्धा ग्लास. बाईंनी रुमालानं तो उचलला. तळाला रक्त लागलं होतं.

"ही फुली कसली?"

"खूण," दारातल्या ताई म्हणाल्या. कंटिन्युइटीचं काम त्यांचं. "एका शॉटमध्ये वस्तू जिथे, पुढच्या शॉटमध्येही तिथेच हवी. नाहीतर प्रेक्षक हसतात."

"शेवटचा शॉट कधी झाला?"

"काल सहाला," दिग्दर्शक म्हणाला. "मी कट म्हटलं. त्यानं ग्लास एका दमात रिकामा केला आणि म्हणाला, सुटलो बाबा."

"बोटावर अंगठीचा वळ आहे. अंगठी कुठाय?"

"अंगठी कुठली, मॅडम? तोही सडाच. जाहिरातच होती ना, आमचा सूत्रसंचालकही अजून शिल्लक आहे."

बाई खुर्चीत बसल्या. "हवालदार, लिहून घ्या. पैलवानानं समोरून येऊन पाच घाव घातले."

"सात," ताई म्हणाल्या. "आणि पहिला मागून."

पैलवानाचं रडणं थांबलं.

"डॉक्टर अजून यायचेत," बाई सावकाश म्हणाल्या. "मलाही मोजता आले नाहीत. पण चूक कानावर पडली की तुम्हाला राहवत नाही, ताई. ग्लास काल सहालाच रिकामा झाला होता. खुनानंतर कुणीतरी तो शॉटमध्ये होता तेवढाच भरून रक्तावर ठेवला. बदाम फुलीवर ठेवला. पैलवान खुर्च्या मोडतो, उशा फुगवत बसत नाही. आता अंगठी द्या."

ताईंनी कमरेचा बटवा उघडला. एकाच घडणीच्या दोन अंगठ्या निघाल्या.

"तीन वर्षं झाली लग्नाला. शूटिंगआधी मीच काढून घ्यायचे. कार्यक्रम संपला की सगळ्यांना सांगू, म्हणायचा. काल संपला. मी अंगठी पुढे केली. म्हणाला, राहू दे तुझ्याकडेच, दुसऱ्या वाहिनीलाही सडाच हवाय."

"आणि पाठ फिरवली."

"हो. तिसऱ्या घावाला माफी मागितली त्यानं."

"मग?"

"हात थांबला नाही. नंतर बघते तर सगळी खोली विस्कटलेली. तशी टाकून जाववेना."

हवालदारानं पैलवानाला सोडवलं. तो आईला फोन लावत बाहेर पळाला. तीच हातकडी घेऊन हवालदार ताईंच्या उजव्या मनगटाकडे वळला.

"डावा," म्हणत ताईंनी हात पुढे केला. "आधी डाव्यात होती."