डाव्या कानातले तीन ठोके

१४ ऑगस्ट, मंगळवार. ऐन हिवाळा, उत्तरेचा वारा, धुकं, सहा अंश.

आजही शिंपल्यांसाठी बोट काढली. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ नॉल्बेर्तो पाण्याखाली, मी वर हवेची नळी धरून. पाणबुड्या बोलू शकत नाही, नळीला हिसके देतो. एक म्हणजे ठीक, तीन म्हणजे वर ओढ. तारेसारखे हे हिसके वाचतो म्हणून नळी धरणाऱ्याला इथे केयॉन बंदरात तारवाला म्हणतात. पूर्वी बुडी मीच मारायचो. मार्चमध्ये डाव्या कानातली सडलेली हाडं काढून टायटॅनियमची साडेचार मिलिमीटरची काडी बसवली, तेव्हापासून बुडी बंद.

अकरा चाळीसला त्याच कानात तीन ठोके पडले. बारीक, काचेवर नख मारावं तसे. हातातली नळी मात्र सैल होती. तरी मी ओढलं.

नॉल्बेर्तो वर येताच ओरडला, “दाजी, पुन्हा? मी हिसका दिलाच नव्हता! अर्धे शिंपले खाली राहिले. कानात भाडेकरू ठेवलाय का कोणी?”

“तुला काही झालं तर तुझी ताई मला घरात घेईल का?”

“कानाचं ऐकत बसलात तर उपाशी ठेवेल ती!”

घरी येऊन वही चाळली. या महिन्यात ठोके चार वेळा पडले. चारही वेळा अकरा चाळीसला.

२१ ऑगस्ट, मंगळवार. पाऊस, वारा पडलेला.

कानातून पू, कुजक्या शेवाळाचा वास. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी फोटो दाखवला. काडीचं डोकं पडदा फाडून बाहेर आलं होतं. काडी आणि पडद्याच्या मधे ठेवलेली कूर्चेची, म्हणजे मऊ हाडाची, चकती झिजून गेली होती. “काही जणांत होतं असं,” त्या म्हणाल्या. “दुसरं टोक आतल्या हाडावरून केव्हाच सुटलंय. महिनाभर या कानाला काही ऐकू आलेलं नसणार.”

“ठोकेसुद्धा...?”

त्यांनी पुन्हा फोटोकडे पाहिलं. “कसले ठोके?”

२२ ऑगस्ट, बुधवार. पाऊस.

आज काडी काढली. मी ती मागून घेतली आणि औषधाच्या रिकाम्या बाटलीत बूच लावून ठेवली.

२४ ऑगस्ट, शुक्रवार. निरभ्र, वारा नाही, चार अंश.

मी घरी, कानाला पट्टी. नळी धरायला शेजारचा सेगुंदो गेला होता. माझी बायको इर्मा बटाटे सोलत होती. बाटली टेबलावर.

अकरा चाळीसला काडी काचेवर आपटली. एकदा... दोनदा... तीनदा.

इर्माची सुरी थांबली. “हे... तुम्ही केलंत?”

मी वायरलेस उचलला. “सेगुंदो, ओढ त्याला!”

“काडी काढली तरी खोड गेली नाही होय? नळी गप्प आहे, अण्णा. आणि त्याने दम दिलाय, हिसक्याशिवाय ओढलंस तर मार खाशील म्हणून.”

मी सांगत राहिलो, तो हसत राहिला. शेवटी इर्माने वायरलेस हिसकावून घेतला. “सेगुंदो, मी त्याची बहीण सांगते... ओढ.”

अकरा बावन्नला त्याने ओढायला घेतलं. नळी सगळी वर आली. तोंडात धरायचं टोक हवा फेकत होतं. नळीला नॉल्बेर्तोचा कमरेचा पट्टा नेहमीसारखा बांधलेला होता, बकल तसंच लावलेलं. नॉल्बेर्तो नव्हता.