लोन्यांगची घंटा

नांगिरो बाभळीखाली बसून घाम पुसत होती, तेवढ्यात मागून कुणीतरी तिच्या डोक्यावरचा रुमाल ओढला.

"कोण आहे रे!" ती ओरडून वळली... तर समोर एक भलाथोरला पिवळा बैल, रुमाल निवांत चघळत उभा!

"लोन्यांग, सोड! पोरींशी अशी ओळख करतात का?" काठी सावरत एक तरुण धावत आला. उंच, सडपातळ, खांद्यावर चौकड्यांची चादर. तुर्काना जमातीचा गुराखी होता, सरहद्दीपलीकडचा.

उन्हं कडक झाली की तुर्काना आपली गुरं घेऊन इकडे, मोरोटोच्या डोंगराखाली, मथेनिको जमातीच्या कुरणांवर उतरायचे. एके काळी ते इथली गुरं पळवायला यायचे आणि इथले लोक त्यांची पळवायला जायचे. आता काही वर्षं समेट होता. तो कितपत मुरलाय हे माणसांना विचारून मोजायचं, हेच तर नांगिरोचं काम. ती स्वतः मथेनिको. मोरोटोतल्या एका संस्थेनं तिला त्यासाठी नेमलं होतं.

"एवढं धूड मागे येऊन उभं राहिलं, तरी मला कळलं कसं नाही?" ती पुटपुटली. मग तिचं लक्ष बैलाच्या गळ्याकडे गेलं. घंटा चांगली मोठी होती, पण आत गवत ठासून भरलेलं.

तरुणानं नजर चुकवली. "काय विचारायचंय ते विचार ना, शांतताबाई. तुझ्याबद्दल ऐकलंय मी."

"मी नांगिरो."

"मी एकुवाम. आणि हा तुझा रुमाल... म्हणजे जेवढा उरलाय तेवढा."

तिला हसू आवरेना. तरी तिनं आवाज कामाचा केला. "मथेनिकोंवर विश्वास आहे?"

"आहे."

"त्यांच्या कुरणात निर्धास्त झोप लागते?"

"घोरतो मी. लोन्यांगला विचार."

"मग घंटेत गवत कशाला?"

एकुवामच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. बराच वेळ तो बैलाची पाठ खाजवत राहिला. मग सांगू लागला... त्याचा थोरला भाऊ समेटाआधी याच कुरणात मारला गेला होता. लोन्यांगच्या घंटेचा माग काढत इथले लुटारू आले होते. भाऊ गेला, बैल तेवढा झाडीत पळून वाचला. त्या दिवसापासून घंटा मुकी होती. दोन्ही जमातींत ज्या लाडक्या बैलाच्या नावानं माणसाला हाक मारतात, ज्याच्यासाठी तो गाणी रचतो, त्याला असं मुकं ठेवायचं म्हणजे काय, हे नांगिरोला कुणी समजावायची गरज नव्हती.

"पण तू 'आहे'च लिही," तो घाईनं म्हणाला. "नाही म्हटलं तर संस्था निघून जाईल, तिनं बसवलेला हातपंपही जाईल, असं सगळे म्हणतात."

"खोटं लिहायचा पगार मिळत नाही मला."

"मग?"

"'नाही' लिहिणार."

तो चिडून तरातरा निघाला... आणि थोडं पुढे जाऊन परत वळला. "फार हट्टी आहेस गं तू!"

"माहितीये," ती म्हणाली.

ते उत्तर वाचून संस्थेतल्या साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण हातपंप काही गेला नाही. आणि का कोण जाणे, नांगिरोला त्या कुरणात नव्यानं कामं निघू लागली. एखादं उत्तर अर्धवट राहिलेलं असायचं, नाहीतर पंपाचं पाणी बघायचं असायचं. एकुवाम वाळक्या भोपळ्याच्या भांड्यातलं आंबट दूध पुढे करायचा, ती पिताना आकाशाकडे बघत राहायचा. मग ती प्यायली की चोरून तिच्याकडे. हे तिला कळत होतं, हे त्यालाही कळत होतं. तिचा जीव जडला होता, आता नाही म्हणण्यात अर्थ नव्हता.

"तुझा एक प्रश्न राहिलाय," एक दिवस तो म्हणाला. "पलीकडच्या माणसाला मुलगी द्याल का, असा विचारतेस ना सगळ्यांना?"

"तो बापांना विचारायचा असतो."

"तुझ्या बापाला विचारलास?"

"आपल्या घरची उत्तरं आपण घ्यायची नाहीत, असा नियम आहे. दुसऱ्या बाई आल्या होत्या. बाबा म्हणाले, विचारायला कोणी आलं तर बघू."

तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "तू येशील?"

"यायचं तर उजळ माथ्यानं यावं लागेल, नांगिरो. चोरासारखं नाही. आणि अजून..." त्याचा हात लोन्यांगच्या घंटेवर गेला. "अजून धीर होत नाही."

तिनं हट्ट केला नाही. ज्याचा भाऊ गेलाय, त्याला घाई करणारी ती कोण?

मग पलीकडे ढग दाटले, वारा ओल्या मातीचा वास घेऊन आला आणि तुर्काना निघाले. भिजलेल्या वाटेवरून लोन्यांग गेला, पावलांचासुद्धा आवाज न करता. एकुवामनं वळून पाहिलं... एकदाच.

पुढचा उन्हाळा आला. कळप उतरू लागले. संध्याकाळी नांगिरो अंगणात ज्वारी कांडायची आणि मुसळ मध्येच थांबवून कान द्यायची. आई म्हणायची, "अगं, अशानं पीठ कधी व्हायचं?"

एका सकाळी, चांगलं लख्ख ऊन पडलेलं असताना, डोंगराच्या बाजूनं आवाज आला. ठण्... ठण्... ठण्. वस्तीतली माणसं बाहेर आली. नांगिरोच्या हातातलं मुसळ गळून पडलं.

सगळ्या मथेनिको वस्तीच्या मधोमध, एकुवाम एकटा चालत येत होता. पुढे लोन्यांग, मान डोलवत, सारं रान उठवत.

तिचा बाप लोमोंगिन काट्यांच्या कुंपणाशी येऊन उभा राहिला.

"विचारायला आलोय, बाबा," एकुवाम म्हणाला. त्याचा आवाज कापत होता, पण मान खाली गेली नाही.

म्हातारा कितीतरी वेळ त्या घंटेकडे बघत राहिला. "तरुणपणी अशाच घंटांच्या मागावर जायचो रे आम्ही," तो हळूच म्हणाला. "अंधारात कान लावून बसायचो. आपण होऊन दारात आलेली ही पहिलीच."

मग लोमोंगिननं स्वतःच्या हातानं कुंपणाचा काटेरी झाप बाजूला ओढला.

"बैल आत घे. आज तुम्ही दोघं इथंच मुक्काम करा." तो लोन्यांगच्या गळ्याला हात लावून म्हणाला, "आणि घंटा काढू नकोस. मला रात्रभर ऐकू दे."

एकुवामनं डोळे पुसले. मग चादरीच्या गाठीतून एक नवा कोरा रुमाल काढून नांगिरोपुढे धरला.

"तू लिहिलेलं माझं 'नाही' बदलायचंय, शांतताबाई."

"बदलते," ती रडत रडत हसली. "पण आधी तुझ्या बैलाला आवर... नवाही खाईल तो!"