एका वेळी एकच खंड

तो आला तेव्हा त्याची छत्री उलटी झाली होती आणि तो सरळ माझ्यासमोर, टेबलावर पाणी ठिबकवत उभा होता.

दोन हजार एकचा श्रावण. मालवणच्या आमच्या वाचनालयात शनिवारी दुपारी येतं कोण? पेपर तोंडावर घेऊन डुलकी काढणारे दोन पेन्शनर, आणि मी. किशोरी, वय चोवीस, पुस्तकं देणारी-घेणारी. आईच्या मते पुस्तकांत राहून कुबट झालेली.

"एकोणपन्नास ते एक्कावन्नचे मासिकांचे बांधीव खंड हवे होते," तो म्हणाला. "मी यतीन. सावंतवाडीला कॉलेजात शिकवतो."

"आधी पाय पुसा."

त्यानं मुकाट्यानं पुसले. मग खिशातून एक ओला कागद काढला. नवकथेच्या काळात लिहिणाऱ्या अकरा बायकांची नावं होती त्यावर. त्या काळातल्या पुरुषांवर ग्रंथच्या ग्रंथ निघाले, बायकांना साधी तळटीपही मिळाली नाही, असं तो इतक्या तळमळीनं सांगत होता की नाकावरून ओघळणारं पाणी पुसायचं विसरला. मला हसू येत होतं. मग मी शेवटचं नाव वाचलं – मथुरा. आडनाव नाही. तीन वर्षांत तीन कथा, प्रत्येकीखाली 'मालवण', आणि नंतर काही नाही.

ही मथुरा कोण, हे अख्ख्या गावात फक्त मला ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी जुने खंड झटकताना तिसऱ्या खंडातली तिची कथा माझ्या हाती लागली होती. छापणाऱ्यानं केलेल्या चुका कुणीतरी पेन्सिलीनं दुरुस्त केल्या होत्या. ते अक्षर मी दर गुरुवारी वाचनालयाच्या देवघेवीच्या वहीत, पुस्तक नेणाऱ्याच्या सहीत पाहत होते. आमच्याच आळीतली, बाजारात सुकी मासळी विकणारी, बाहत्तर वर्षांची मथुराआजी! मी विचारलं तेव्हा तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "कोणाक सांगलंस, तर माझा मेलेला तोंड बघशीत," म्हणाली.

"तीन खंड आहेत ना?" यतीननं विचारलं.

"आहेत. पण एका वेळी एकच मिळतो. नियम आहे."

असा कुठलाही नियम नव्हता. त्या दिवशी मी खोटं बोलले ते आजीसाठी. दुसऱ्या शनिवारी कुणासाठी बोलले, ते मात्र विचारू नका.

दुसऱ्या शनिवारी त्यानं टेबलावर एक चिकू ठेवला. सावंतवाडीचा, लाकडी, पण दिसायला हुबेहूब खरा. दोन तासांनी चिकू हातात घेऊन उलटसुलट बघत म्हणाला, "यावर दात कोणाचे?"

"उंदीर फार झालेत वाचनालयात."

"समोरचे दोन दात जरा पुढे असलेला उंदीर?"

मी तोंड मिटलं ते पाच वाजेपर्यंत उघडलं नाही. तो वाचत होता. मध्येच थांबून एक ओळ मोठ्यानं म्हणाला, "ती उन्हात बसली होती आणि ऊन तिच्यात बसलं होतं. पन्नास साली असं लिहीत होती ही बाई! आणि कुणालाच पत्ता नाही..." बाहेर सर कोसळत होती. ती ओळ म्हणताना तो कागदाकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. मला एकदम भीती वाटली – खरी, तळहात ओले करणारी.

त्यानंतर दर शनिवारी तीच गत. एसटी चुकली तर? आणि चुकली नाही तर? आला आणि तिसरा खंड मागितला तर? तो मी माझ्याच टेबलाच्या खणात, जुन्या कॅलेंडराखाली लपवला होता.

"बांधणीला गेलाय," मी सांगितलं. "बाइंडरचा हात दुखतोय."

"गेल्या शनिवारी पाय दुखत होता."

"वयच झालंय हो त्याचं."

सहाव्या शनिवारी मात्र तो हसला नाही. "पुण्याला पीएच.डी.साठी नाव लागलंय. पुढचा शनिवार शेवटचा." आणि पेनचं टोपण लावत म्हणाला, "मथुरा बहुधा वारली असणार. तसंच लिहून टाकतो."

जिवंत माणसाला मेलेलं लिहायचं? मला गलबलून आलं. पण खरं सांगते, त्याहून जास्त 'शेवटचा' हा शब्द लागला.

संध्याकाळी मी आजीकडे गेले. ती ओसरीवर सुके बांगडे निवडत होती. मी सगळं सांगून टाकलं – मेलेलं लिहिणार आहे तेही, आणि तो पुण्याला चाललाय तेही.

आजीनं हातातला बांगडा खाली ठेवला. मग म्हणाली, "माका कोणी आडवूक नाय गो. लोकांका वाटतला, घरच्यांनी बंद केल्यानी. तसा नाय. मासिकवाल्याचा पत्र इला – पुस्तक काढतो, कळवा. माझो दादा म्हणालो, देवाक कौल लाव. देव हो म्हणता तर दी पाठवन."

आमच्याकडे अडल्या कामाला देवाला विचारतात. गुरव देवाच्या अंगावर ओले कळे, म्हणजे फुलांच्या कळ्या, चिकटवतो. उजवा कळा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. तो पडेपर्यंत नुसतं बसायचं.

"मी बसलंय," आजी म्हणाली. "कळो घसराक लागलो... माका असा भिया वाटला! डावो पडलो तर मी मरतलंय. उजवो पडलो तर लोक काय म्हणतले? पडायच्या आधीच उठलंय नि पळालंय. घराकडे सांगलंय, डावो पडलो. गुरवाक कोणी इचारूक नाय." तिनं एक बांगडा उगाचच पुन्हा निवडला. "पन्नास वर्सा झाली. खयचो पडलो, अजून माका म्हायत नाय."

निघताना ती मागून म्हणाली, "त्येका घेवन ये."

शेवटच्या शनिवारी मी वाचनालयाला कुलूप लावलं, तिसरा खंड पदराखाली घेतला आणि यतीनला म्हटलं, "चला." कुठे, ते त्यानं विचारलं नाही. भुरभुर पाऊस होता. त्याच्या छत्रीची एक काडी अजून मोडकीच होती, त्यामुळे आम्हाला जरा जवळून चालावं लागत होतं.

आजी ओसरीवर नवं लुगडं नेसून बसली होती. मी खंड तिच्यासमोर उघडून ठेवला. यतीननं पेन्सिलीचं अक्षर बघितलं, तिच्याकडे बघितलं. तिचे हात दाराच्या चौकटीकडे गेले. ती उठणार असं वाटलं. पण बसली.

"होय. ती मथुरा मीच," ती म्हणाली.

यतीन तिच्या पाया पडला. डोळे पुसत आजी "चाय ठेवतंय," म्हणून आत गेली आणि ओसरीवर आम्ही दोघंच उरलो.

"बांधणीला गेला होता म्हणे खंड," तो हळूच म्हणाला. "म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"सात शनिवार फिरवलंत मला. का?"

पागोळ्या पडत होत्या. आजीची शपथ होती, एवढं म्हटलं असतं तर सुटले असते. पण माझं प्रमाण मराठी कुठल्या कुठे पळालं.

"आधी आजीसाठी. मगे... मगे तुमी येवचे बंद जातल्यात, म्हणान. माका तुमी होये आसात."

हवे आहात, असं सरळ बोलून गेले. एक पागोळी पडली, दुसरी पडली. हा रागावला असणार. हा आता हसणार. मी चप्पल शोधायला लागले. एक पाय सापडला, घातला, उठलेच –

"चेडवा, बस!" आतून आजी ओरडली. "हलशीत तर बघ!"

मी मटकन बसले. तो अजून गप्प. कितीतरी वेळ, निदान मला तरी तसं वाटलं. भीतीनं मी डोळे घट्ट मिटून घेतले, पण उठले नाही.

मग माझ्या ओंजळीत काहीतरी आलं. गोल, गुळगुळीत, त्यावर दोन दातांच्या खुणा. तो चिकू! त्या दिवशी टेबलावरून नाहीसा झाला म्हणून मी आठवडाभर शोधत होते.

"नियम खोटो आसा, ता माका दुसऱ्याच शनिवारी कळला," यतीन म्हणाला. "तुमच्या त्या पेन्शनरांनी सांगलानी. तीनय खंड मागितले असते तर एका दुपारी काम संपला असता... आणि मगे मी खयच्या निमतान इलो असतंय? पुण्यासून कुडाळाक गाडी येता गो. रविवारचा वाचनालय बंद असता, एवढीच पंचाईत."

मी डोळे उघडले. तो हसत होता आणि घाबरलेलाही होता, दोन्ही.

आत कपबशा वाजायच्या थांबल्या. दारातून आजीचा आवाज आला, हळू, अगदी वीस-बावीस वर्षांच्या मुलीसारखा.

"किशोरी... खयचो पडलो गो?"

"उजवो, आजी," मी म्हटलं. "उजवो पडलो."