ठिणगी कुणी गिळली?

पैलतीरावरच्या वाडीत कृष्णातची बहीण रेश्मा सकाळपासून बाळंतपणात अडली होती. तिच्यापर्यंत नर्सबाईंना पोचवायचं, एवढं एकच काम आज त्याच्यापुढं होतं! चांदोली धरणाच्या पाण्याला वळसा घालून जंगलवाटेनं जायचं, तर दिवस मावळला असता. चौऱ्याण्णव साली वाडीला धड रस्ता होता कुठं? म्हणून त्यानं आपली जुनी इंजिनाची नाव काढली. सोबत नीलिमा सिस्टर आणि चुलतभाऊ बाळासो.

बाळासो आपणहून आला, हेच मुळी कृष्णातला खटकलं. नावेच्या ठेक्यावरून उन्हाळ्यापासून दोघांत अबोला होता. मग आजच एवढा पुळका कसा? आणि त्याच्या बोटांना वंगण कसलं लागलं होतं?

ऐन मधोमध इंजिन फुरफुरलं आणि गप्प झालं! वारा नावेला बुडालेल्या जंगलाकडं ढकलू लागला. पाण्यावर वठलेल्या झाडांचे टोकदार शेंडे दिसत होते. एक जरी तळात घुसला, तरी खेळ खलास!

कृष्णातनं प्लग काढला. ओला होता, म्हणजे पेट्रोल येत होतं. वायरीला जोडून तो इंजिनाच्या अंगाला टेकवला, दोरी ओढली. ठिणगी नाही! नवा प्लग घेतला. तरी नाही!

"सकाळी इंजनापाशी तूच घुटमळत हुतास," तो बाळासोवर गुरकावला. "काय करून ठेवलंस, सांग!"

"झाकण पुसलं रं! रेश्मा माजी बी भन हाय."

"व्हय व्हय, लय माया!"

"भांडायचं नंतर!" सिस्टर कडाडल्या. "तिकडं पोरगी जिवानिशी जाईल!"

बाळासोनं बांबू उचलला आणि नावेच्या टोकावर उभा राहिला. खाट्! पहिला शेंडा त्यानं रेटला.

"बंद करायच्या बटनाची वायर बघ! ती इंजनाच्या अंगाला भिडली, तर ठिणगी पडत न्हाई!"

हा आता वायर तोडायला लावून इंजिन कायमचं बंद पाडणार, असं कृष्णातला वाटलं. पण दुसरं करणार काय? खंडेनवमीला इंजिनाला घातलेला झेंडूचा हार त्यानं बाजूला ओढला आणि तो थिजलाच. हादऱ्यानं पडू नये म्हणून हार त्यानंच तारेत ओवून आवळला होता. ती तार घासून घासून बटनाच्या वायरीच्या रबरात रुतली होती! सगळा करंट तिच्यातून इंजिनाच्या अंगात जिरत होता.

त्यानं हार उपटून पाण्यात भिरकावला. प्लग टेकवला. दोरी ओढली. निळी ठिणगी! प्लग बसवला, पुन्हा झटका. फट्-फट्-फट्! एक शेंडा नावेची कड खरवडून मागं गेला.

वाडीत दिवे लागायच्या आत रेश्माला मुलगी झाली. दोघी सुखरूप! आनंदानं कृष्णात बाळासोला सांगायला काठाकडं धावला. बाळासो जंगलवाटेला लागला होता.

"आरं, तिकडं गवं हायती! चुकलं माजं. नावंत बस की गड्या!"

बाळासो थांबला, पण वळला नाही.

"नगं," तो म्हणाला. "पुन्यांदा बंद पडली, तर तू परत माज्याकडंच बघशील."