सहा टाके पुढे, एक मागे

पेशी खोटं बोलत नाहीत, असं दोघी बहिणींतली मोठी प्रयोगशाळेतल्या नव्या विद्यार्थ्यांना गंभीर चेहऱ्याने सांगत असे. पेशींनी तिच्या मनाविरुद्ध खरं सांगितलं, तर मात्र त्या वाढवलेली काचेची बशी ती फोटो न काढताच फेकून देई.

तिचं काम पेशींना वळण लावण्याचं. पाण्याने फुगलेलं, काचेसारखं पारदर्शक कृत्रिम जेल. त्यात लेझरने कोरलेल्या सरळ वाटा. पेशींनी त्या वाटांनी निमूट वाढावं आणि कातडीचा धड तुकडा तयार व्हावा, एवढीच अपेक्षा. घरी धाकट्या बहिणीकडूनही तिची अशीच अपेक्षा होती. निकालही दोन्हीकडे सारखाच: कुणी ऐकत नसे.

पेशी देणाऱ्यांची नावं लिहीत नसत, नुसते नंबर. अकरा नंबरच्या पेशी आईच्या होत्या. आई शिवणकाम करायची. तिच्या मांडीच्या शस्त्रक्रियेत मोठीने कातडीचा तांदळाएवढा तुकडा मागितला, तेव्हा ती म्हणाली होती, "ने. पण कापड वाया घालवू नकोस." आईला जाऊन सात महिने झाले. गोठवलेल्या नळ्या एकेक करत संपल्या. शेवटच्या नळीतल्या पेशी आता एका बशीत वाढत होत्या.

सोमवारी त्या बशीतल्या जेलला तडा गेला. मंगळवारी सकाळी तो सांधलेला होता. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी सरळ वाटा सोडून तड्यावर जमल्या होत्या. एकदा वर, एकदा खाली. धावदोरा. सहा टाके पुढे, एक मागे.

मोठीने भिंग पुसलं, पुन्हा मोजलं. आई असाच दोरा घालायची. "सातवा मागे घ्यावा. उसवलं तरी तिथवरच उसवतं."

जेल आपोआप मिटतं का, हे पाहायला तिने कोऱ्या बशीत ब्लेडने चीर दिली. कोऱ्या बशीत नुसतं जेल असतं, पेशी एकही नसते, तुलनेसाठी ठेवतात.

बुधवारी सर आले, सूक्ष्मदर्शकावर वाकले.

"हे काय, भरतकाम?"

"तडा सांधलाय त्यांनी, सर."

"कोरी बशी बघू."

चीर मिटली होती. सहा पुढे, एक मागे.

सरांची नजर तिच्या हातमोज्यावर गेली. अंगठ्याशी पट्टीचा फुगवटा होता.

"कापलंय?"

"काल ब्लेड निसटलं. लगेच पट्टी लावली, मोजा बदलला."

"झालं! तुझ्याच पेशी सांडल्या. कोरी बशी बाटली की सगळंच बाद. दोन्ही आजच्या आज टाक."

"सर, या शेवटच्या आहेत."

"पेशी आहेत त्या, बाई. नातेवाईक नाहीत."

अकरा नंबर कोण, हे सरांना ठाऊक नव्हतं.

तिने धाकटीला फोन लावला. "आईचं उरलेलं टाकायला सांगतायत."



"ताई, दुखेल का गं तिला?"

"वेड्यासारखं काय बोलतेस."

"मग टाक. विचारतेस कशाला?"

तिने पेशी मारायचं ब्लीच ओतलं, आधी कोऱ्या बशीत, मग आईच्या.

सूक्ष्मदर्शकाखाली टाके एकेक करत सुटू लागले. सातव्याशी थांबले.

तिने आणखी ओतलं. तेही सुटले.

तिने मोजा काढला. अंगठा ओढल्यासारखा होत होता. पट्टी सोडवली.

सहा पुढे, एक मागे.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी अंगठा उजेडात धरला, टाके छान घातलेत म्हणाले, आणि काढायला दहा दिवसांनी बोलावलं.